कोरियाचे धिरडे आणि आमचा तवा

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या महाविद्यालयात हल्ली 'कोरियन' हे नुसते विशेषण राहिलेले नाही; ती एक पदवीच झाली आहे. केसांची ठेवण कोरियन, मोबाइलवरची मालिका कोरियन, चेहऱ्याला चोपडायचे मलम कोरियन, आणि आता खाणेही कोरियन. चौघी मैत्रिणी वर्गणी काढून शंभरावर रुपयांचे शेवयांचे एक पाकीट आणतात, उपाहारगृहातून गरम पाणी मागून घेतात, डोळ्यांना धारा लागेपर्यंत ते तिखट खातात आणि "किती भारी!" म्हणतात. दुसरीकडे वडीलधारी मंडळी, आणि (क्षमा असावी) आमचे काही गुरुजनही, हे पाहून मान हलवतात. आपली खाद्यसंस्कृती बुडाली, असे त्यांना वाटते.

मला या दोन्ही पक्षांशी थोडे भांडायचे आहे. एकाने कोरियाला डोक्यावर घेतले आहे, दुसऱ्याने त्याला दाराबाहेर उभे केले आहे. आणि दोघांनीही त्याला पाहिले आहे ते दुकानाच्या काचेतून. कोरियन घरातला तवा कोणी पाहिलेला नाही. त्या तव्यावर होणारा एक साधा पदार्थ मी गेले वर्षभर आमच्या घरच्या बिडाच्या तव्यावर करते आहे. करता करता त्याविषयी मिळेल ते वाचले आणि माझी काही मते बनली. ती मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पदार्थाचे नाव 'जॉन'. याचा इंग्रजी नावाशी काही संबंध नाही. भाजीचे, माशाचे किंवा मांसाचे पातळ काप आधी कोरड्या पिठात घोळवायचे, मग फेटलेल्या अंड्यात बुडवायचे आणि थोड्या तेलावर तव्यावर भाजायचे, म्हणजे जॉन. भाजी चिरून पिठात कालवली आणि तव्यावर पसरली, तर तिकडच्या घरगुती बोलीत त्याला 'बुछिमगे' म्हणतात. पण जॉन हा शब्द दोहोंनाही चालतो. कोणी याला 'कोरियन भजी' म्हणतात ते मला पटत नाही. भजी तेलात पोहते. तशा तळणीच्या पदार्थाला तिकडे 'थ्विगिम' हे वेगळे नावच आहे. जॉन तव्याला अंग टेकून राहतो. 'कोरियन पिझ्झा' हे नाव तर मुळीच नको. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने एका वाक्यात त्याची जात ठरवून टाकली : "अगं, हे तर धिरडंच की! भाजी जरा जास्त घातलीस, एवढंच."

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. पण तिने बरोबर मर्मावर बोट ठेवले. आपल्या धिरड्यात पीठ हा यजमान असतो आणि कांदा-कोथिंबीर पाहुणे. जॉनमध्ये उलटे आहे. तेथे भाजी घरची मालकीण आणि पीठ तिला नुसते धरून ठेवण्यापुरते. पातीच्या कांद्याचा 'पाजॉन' घ्या. एक भरगच्च जुडी पात बोटभर लांबीची कापायची. तिला एक वाटी पीठ पुरते. तिकडे मैद्यासारखे गव्हाचे पीठ वापरतात. मी पाऊण वाटी मैदा आणि पाव वाटी तांदळाचे पीठ घेते, त्याने कड कुरकुरीत होते. मीठ, आणि साधारण तेवढेच पाणी. पाणी माठातले, थंडगार हवे. थंड पाण्यात गव्हाच्या पिठाचा चिकटपणा कमी सुटतो, आणि फार ढवळले नाही तर धिरडे वातड होत नाही. तव्यावर तेल आपल्या धिरड्यापेक्षा जरा सढळ सोडायचे, मिश्रण पातळ पसरायचे आणि मग हात आवरायचा. कडा सोनेरी होऊन धिरडे आपणहून सुटेपर्यंत त्याला उलथने लावायचे नाही. अंडे लागतेच असे नाही, त्यामुळे माळकरी घरातही हे चालेल.

भोपळ्याच्या 'होबाकजॉन'ला मात्र अंडे लागते. त्यासाठी तिकडे जो कोवळा, लांबट हिरवा भोपळा घेतात तो वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्या लाल भोपळ्याचाच सख्खा भाऊ आहे. फक्त तो कोवळेपणीच वेलावरून काढलेला. आमच्या परड्यातला बोटाच्या नखाने टोचला जाईल असा भोपळा मी घेते. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या, त्यांना मीठ लावून दहा मिनिटे, सुटलेले पाणी फडक्याने टिपायचे, मग पीठ, मग अंडे, आणि आच मंद. चकतीची हिरवी कड पिवळ्या अंड्यातून डोकावत राहिली पाहिजे. बाजारातल्या पाकिटातले काही यात नाही. सोया सॉस आणि व्हिनेगर चायनीजच्या गाडीमुळे तालुक्याच्या गावीही मिळतात. ते एकत्र करून वर तीळ आणि चिमूटभर तिखट टाकले की बुडवून खाण्याचे पाणी तयार.

पण माझ्या मते सर्वांत हुशार पदार्थ बटाट्याचा, 'गामजाजॉन'. तो डोंगराळ गांगवान प्रांताचा. तेथे भाताची खाचरे कमी. बटाटा आणि कुट्टू यांवर माणसे जगली. बटाटा बारीक किसायचा आणि कीस चाळणीत दाबून त्याचे पाणी भांड्यात काढायचे. ते पाणी दहा मिनिटे तसेच ठेवायचे. तळाशी पांढराशुभ्र सत्त्वाचा थर बसतो. वरचे लालसर पाणी हलकेच ओतून द्यायचे आणि तळाचे सत्त्व पुन्हा किसात मिसळायचे. झाले! वेगळे पीठ लागतच नाही. बटाटा स्वतःच स्वतःला बांधून ठेवतो. वरून मीठ, हवी तर हिरवी मिरची. बाहेरून कुरकुरीत आणि आतून जराशी लवचिक अशी ही चकती खाताना मला दर वेळी वाटते, की हे कोण्या आचाऱ्याचे डोके नव्हे. ज्या घरात पीठ संपले होते, त्या घरातल्या बाईचे हे डोके आहे.

आता माझ्या पहिल्या भांडणाकडे येते. आमच्या भागातून रोज पहाटे कंपन्यांच्या बस रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जातात. तेथे एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. म्हणजे कोरिया आमच्याकडे आधी आला तो शीतकपाट होऊन. गाणे होऊन तो मागाहून आला. साहजिकच आम्हा मुलींच्या मनातला कोरिया काचेच्या इमारतींचा, श्रीमंत. पण जॉनचा कोरिया तो नव्हे. १९५० ते १९५३ या युद्धाने तो देश उद्ध्वस्त झाला. पुढे अमेरिकेचा गहू मदत म्हणून आला. साठ आणि सत्तरच्या दशकांत तिथले सरकार लोकांना सांगत होते, की तांदूळ वाचवा, गव्हाच्या पिठाचे खा. १९६५ मध्ये तर 'माक्कॉल्ली' या तिथल्या पांढुरक्या दारूत तांदूळ घालायलाच बंदी आली, आणि ती गव्हाच्या पिठाची होऊ लागली. पाऊस लागला की जॉन आणि माक्कॉल्ली, अशी कोरियन माणसाची रीत आहे. तव्यावरच्या चुरचुर आवाजात त्याला पावसाचा आवाज ऐकू येतो म्हणतात. आपल्याकडे पावसात कांदाभजी आठवते, तसेच. या रसिकतेखाली मदतीच्या गव्हाची पोती आहेत, हे मात्र मालिकांत दिसत नाही.

मी हे आजीला वाचून दाखवले. ती १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. ती म्हणाली, "आमाला मिलो आली व्हती. लाल. भाकरी थापली की तुटायची." अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी आणि कोरियातला तो गहू; आजीला कोरिया कोठे आहे हे नकाशात दाखवावे लागले नाही.

मुगाचीही अशीच गंमत आहे. मूग मूळचा भारतातला. येथून तो पूर्वेकडे पसरत गेला. कोरियात त्याला 'नोकदू' म्हणतात. मूगडाळ भिजवून, जाडसर वाटून, त्यात मोड आलेले मूग, किमची किंवा कोबी, आणि ज्यांना चालते ते डुकराचे मांस घालून जाड धिरडी करतात, ती 'बिंदेतॉक'. सोलच्या ग्वांगजांग बाजारात दुकानादुकानांपुढे जाती फिरत असतात आणि वाटलेली डाळ तेथेच तव्यावर पडते. हा बाजार १९०५ पासूनचा. बिंदेतॉक म्हणजे मुळात गरिबाची पोळी, अशी तेथे लोकांची समजूत आहे. भाषापंडित या शब्दाची व्युत्पत्ती वेगळी लावतात, पण लोकांनी आपली समजूत सोडलेली नाही. १८९४ मध्ये तेथे शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी जॉन बोंग-जुन हा अंगाने लहानखुरा, म्हणून त्याला 'मूग सेनापती' म्हणत. (त्याच्या आडनावातला जॉन वेगळा, आपल्या ताटातला वेगळा.) १८९५ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तो नाही. असता तर मुगाचे धिरडे खाताना त्याची आठवण झाली असती.

तेव्हा मैत्रिणींनो, शंभराच्या पाकिटात कोरिया शोधू नका, तो वीस रुपयांच्या पातीच्या जुडीत जास्त आहे. आणि गुरुजनहो, ज्याला आपण परकीय आक्रमण समजता त्याच्या पोटात आपलाच मूग आहे. एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण पदार्थ करताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली, आणि खरे म्हणजे तीच मला लिहायची होती.

जॉन उभा राहून करावा लागतो. एका तव्यावर एक मोठे किंवा पाच-सहा लहान, दोन्ही बाजू मिळून सात-आठ मिनिटे. चौघांचे पोट भरायचे तर तासभर कोणीतरी तव्यापाशी हवे. आणि जॉनची चव आहे ती उतरवल्याबरोबर. थंड झाला की तो मऊ पडतो. म्हणजे जी करते तिच्या वाट्याला तो मऊच येतो.

कोरियात 'छुसॉक' नावाचा सण असतो, त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला. त्या दिवशी आणि नववर्षाच्या सणाला पूर्वजांसाठी ताट मांडतात. त्या ताटासाठी आदल्या दिवसापासून घरच्या सुना जमिनीवर कागद पसरून जॉनच्या राशी भाजत बसतात : भोपळ्याच्या, माशाच्या, मशरूमच्या. ताटासमोर वाकून वंदन करण्याचा मान परंपरेने पुरुषांचा. उरलेला जॉन नंतर कित्येक दिवस घरात पुरतो, त्याचा रस्साही करतात. सणानंतर बायकांना जे पाठीचे आणि मनाचे दुखणे लागते, त्याला कोरियन भाषेत 'सणाचा आजार' असा चक्क रूढ शब्द आहे.

आता योगायोग पाहा. २०२२ मध्ये छुसॉक १० सप्टेंबरला आला. तो दिवस म्हणजे आपली भाद्रपद पौर्णिमा, आणि दुसऱ्याच दिवशी आपला पितृपंधरवडा लागला. २०२३ आणि २०२४ मध्येही अशीच जवळीक होती. (२०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना मध्ये आल्याने छुसॉक ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीला गेला.) पितरांसाठी तिकडे जॉन, इकडे वडे. आमच्याकडे आजोबांच्या तिथीला आई पहाटे उठते. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, भजी. नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाणी नाही. कावळा शिवला की पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग आलेल्या बायकांची. आई जेवते तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. आईने कढईतून काढलेला गरम वडा खाल्लेला मी एकोणीस वर्षांत पाहिलेला नाही.

त्याच २०२२ च्या छुसॉकआधी पाच दिवस, ५ सप्टेंबरला, सोलमध्ये एक गोष्ट घडली. सॉंगग्युनग्वान ही १३९८ पासूनची कन्फ्यूशियसपंथी विद्येची संस्था. रीतिरिवाजांच्या बाबतीत तिचा शब्द वजनाचा. तिच्या विधिसमितीने जाहीर केले, की सणाच्या ताटात जॉनसारखे तेलकट पदार्थ ठेवण्याची गरज नाही. नऊच पदार्थ पुरेत. आधार काय दिला? सोळाव्या-सतराव्या शतकांतले पंडित किम जांग-सेंग यांच्या ग्रंथातच लिहिलेले आहे, की तेलात केलेले पदार्थ पूर्वजांच्या पूजेत वापरणे ही रीत नव्हे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या सुना ज्या राशींपुढे बसल्या, त्या शास्त्राने मागितलेल्याच नव्हत्या!

बायका वर्षानुवर्षे हेच सांगत होत्या. पण पंडितांना पुस्तकात सापडले तेव्हा ते खरे ठरले. तरीही मला त्या समितीचे कौतुक वाटते. परंपरा राखणाऱ्यांनी स्वतःच पुस्तक उघडून पाहिले, हे थोडे नव्हे. आपल्याकडची पुस्तके कोणी या कारणासाठी उघडील काय? आमच्या संस्कृत आणि इतिहास विभागांतील जाणकारांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पितरांना नेमके किती पदार्थ लागतात, आणि ते करणारी उपाशीच असली पाहिजे असे कोठे लिहिले आहे, हे एकदा कळू द्या.

कोणी म्हणेल, मुलीला शिकवले की तिला स्वयंपाक कमीपणाचा वाटू लागतो. तसे नाही. मला स्वयंपाक मनापासून आवडतो. वडे तळताना आई, काकू, आत्या यांच्या ज्या गप्पा रंगतात त्या ओसरीवर कधी ऐकू येत नाहीत. आणि या कामात किती विद्या आहे हेही मला कळते. उत्तर ग्यांगसांग प्रांतातल्या जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी १६७० च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, 'उमशिक दिमिबांग' हे पाकपुस्तक लिहिले. पंडितांच्या चिनी अक्षरांत नव्हे, तर राजा सेजोंगने १४४६ मध्ये सामान्यांसाठी जाहीर केलेल्या आणि पंडितांनी बायकांची म्हणून हिणवलेल्या हंगुल लिपीत. त्यात १४६ कृती आहेत. आजच्या बिंदेतॉकची पूर्वजही आहे : मूग वाटून तव्यावर घालायचे, मध्ये मध घातलेले सारण ठेवायचे, वर पुन्हा मूग. म्हणजे जवळजवळ आपली पुरणपोळीच! शेवटी त्या लिहितात, की डोळे अधू झालेले असताना हे कसेबसे लिहिले आहे. मुलींनी त्याची नक्कल करून न्यावी, मूळ प्रत मात्र घराबाहेर नेऊ नये. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या म्हातारीला कागद आणि लिपी मिळाली म्हणून तिची विद्या उरली. माझ्या आजीची मिलोची भाकरी न तुटता थापायची युक्ती (ती पीठ उकळत्या पाण्यात भिजवी) या लेखात लिहिली, म्हणून निदान या अंकापुरती उरेल.

प्रश्न आवडीचा नाही, सक्तीचा आहे. गेल्या दिवाळीनंतर मला 'पाहायला' मंडळी आली होती. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पुरणपोळी येते का? आणि, बी. ए. झाल्यावर पुढे शिकायचे डोक्यात नाही ना? पहिल्याला 'हो' हे उत्तर अपेक्षित होते, दुसऱ्याला 'नाही'. मी दोन्हींना 'हो' म्हणाले. मंडळी चहा घेऊन गेली. वडील दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षेची फी भरली.

घरात मी सध्या एवढे केले आहे : जॉनच्या दिवशी आमची पंगत उलटी. बटाटे धाकटा भाऊ किसतो, तवा मी आणि तो आळीपाळीने सांभाळतो, आणि पहिला, कडा तडतडणारा जॉन आईच्या ताटात पडतो. सुरुवातीला ती दर दोन मिनिटांनी उठत असे : "दे इकडं, जळंल." आता बसते. वडिलांनी एकदा पालटून पाहिला. फाटला, पण खाल्ला सगळ्यांनी. पुढच्या पितृपंधरवड्यात आई वड्यांना हात लावू देईल का, हे अजून ठरायचे आहे. तिथे आजीचे मत विचारात घ्यावे लागते, आणि आजी मिलोपेक्षा कडक आहे.

स्नेहसंमेलनातल्या आपल्या खाद्यमेळ्यात दर वर्षी मुली करतात आणि मुले गल्ल्यावर बसतात. यंदा द्वितीय वर्ष कला वर्गातर्फे गामजाजॉनचा गाळा लावावा, असे मी सुचवले आहे. गल्ल्यावर मुली बसतील. दहा किलो बटाटे आणि दोन बिडाचे तवे यांची सोय झाली आहे. किसण्या प्रत्येकाने आपापल्या आणायच्या. ज्या मुलांना तव्यापाशी उभे राहायचे असेल त्यांनी संमेलनाच्या आठ दिवस आधी सांस्कृतिक मंडळाकडे नावे द्यावीत; पालटायला शिकवायची जबाबदारी माझ्या धाकट्या भावाने घेतली आहे. तो आठवीत आहे.